हातातला क्लच

‘बिचारी’ हा शब्द जो कोणी काढेल त्याच्या तोंडात पुट्टी भरावीशी वाटते मला. माझं गाड्यांच्या डेंटिंगचं दुकान आहे. पुट्टीला तोटा नाही.

गेल्या वर्षी एका अडलेल्या म्हशीने माझ्या ताईला गोठ्याच्या खांबाशी दाबलं. डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत सळई घालून पाय सरळ जोडून टाकला. पाय राहिला, वाकणं गेलं. म्हैस वाचली, रेडकूही वाचलं, कारण पाय मोडल्यावरही ताईने हात बाहेर काढला नव्हता. ही गोष्ट लोक विसरतात. पाय तेवढा लक्षात ठेवतात.

ताई जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या अकरा वस्त्यांचा फेरा सतरा वर्षं तिच्याकडे होता. या फेऱ्याला गाडी आपली आणि चालवायचीही आपणच, असा खात्याचा नियम. तिची आधीची गाडी ती इस्पितळात असताना घरच्यांनी विकून टाकली. आता काय करायचीय गाडी, म्हणून. असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. हे आत्ताच सांगून टाकतो, मागाहून कोणी शोधून काढायला नको.

काठी टेकत ती कामावर हजर झाली, तर साहेब म्हणाला, ‘‘मॅडम, आता आराम करा. औषधांच्या खोलीत बसा. पंखा आहे.’’

त्या खोलीला खिडकी नाही. पंखा गरम हवा इकडून तिकडे करतो.

‘‘मी गाडी चालवत आले तर?’’ ताईने विचारलं.

‘‘एकट्या चालवत आलात, आणि लायसन्सवर तसा शिक्का असला, तर फेरा तुमचा,’’ साहेब हसत म्हणाला. ‘‘महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. मग दुसऱ्याचं नाव घालणार.’’

बोलायला काय जातं? असं कधी होणारच नाही अशी खात्री असली की माणूस फार उदार होतो.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दुकानात येऊन रंगाच्या डब्यावर बसली. ‘‘धाकट्या, हात पूस. गाडी बघायला जायचंय.’’

‘‘ऑटोमॅटिक का? बिनक्लचची?’’

‘‘छोटी ऑटोमॅटिक त्या दगडांवर पोट घासून मरेल. मोठी घ्यायची तर मला साहेबाशी लग्न करावं लागेल. त्यापेक्षा गुडघा बरा.’’

गाडी एका निवृत्त सर्वेअरची होती. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत, भुशाच्या ढिगाशेजारी उभी. अडतीस वर्षांची. चौकोनी तोंड, गोल दिवे, मागे उघडा हौद आणि खाली पडणारी फळी, चारी चाकांना ताकद देणारा वेगळा दांडा. हिरव्या रंगाचा राखाडी झालेला. मी पत्र्याचा माणूस. दारावर टिचकी मारली आणि आवाजावरूनच कळलं, हा पत्रा आजकाल मिळत नाही. आत्ताच्या गाड्यांना मांडीवर घेऊन दुमडता येतं. ही उभी होती ती जमिनीवर हक्क असल्यासारखी.

‘‘बाई, ही नवख्याला झेपत नाही,’’ सर्वेअर म्हणाला. ‘‘आणि तुमचा तर…’’ पुढचं त्याने डोळ्यांनी ताईच्या पायाकडे ढकललं.

ताईने काठी बंपरला टेकवली आणि ती गाडीभोवती फिरली. बाजारात बैल बघतात तशी. बॉनेटवर तळवा ठेवला, दाराखालून हात फिरवला, प्रत्येक चाकाशी कमरेतून वाकली. मग उभी राहून म्हणाली, ‘‘पुढचं उजवं चाक आतून झिजलंय. या पायाला हिने मार खाल्लाय. कुठल्या खड्ड्यात मुरगळला?’’

सर्वेअरचा चेहरा उतरला. ‘‘नाल्यात. नऊ वर्षं झाली. कोणाला बोललो नाही.’’

‘‘बायकोला?’’

‘‘तिला तर नाहीच नाही.’’

‘‘चालू करा.’’

इंजिन एकदा खाकरलं आणि मग लागलं. ताईने कान बॉनेटशी नेला. गायीच्या कुशीला लावते तसा. आम्ही दोघं पुरुष उगाच श्वास रोखून उभे.

‘‘छाती स्वच्छ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘खाते किती?’’

‘‘लिटरला आठ. उतारावर नऊ.’’

‘‘खाते, पण पडून राहत नाही ना? मग चालेल.’’

भाव एका दमात ठरला. सर्वेअरला गिऱ्हाईक नव्हे, माणूस भेटला होता. निघताना त्याने हत्यारांची पत्र्याची पेटी आणून हौदात ठेवली. पाने, हातोडी, लोखंड कापायची हॅकसॉ, सगळं तेल लावून चिंधीत गुंडाळलेलं. ‘‘हिची आहे. हिच्याबरोबरच जाऊ दे,’’ म्हणाला आणि पाठ फिरवून भुशाच्या ढिगाकडे बघत राहिला. आम्ही निघालो तरी वळला नाही.

आता मिस्त्रीबद्दल सांगतो. त्याला सगळे ‘उद्या मिस्त्री’ म्हणतात. त्याच्याकडे गेलेली गाडी कधी मिळणार, याला त्याचं आयुष्यभर एकच उत्तर. माणूस असा, की त्याच्या घड्याळाचा काटासुद्धा चहा पिऊन पुढे सरकतो. पण त्याच्याइतकं डोकं मी दुसऱ्या कोणाच्या मानेवर बघितलेलं नाही. शाळा चौथीत सुटलेली. कारखान्यातले इंजिनियर त्याच्याकडे मागच्या दाराने येतात आणि पुढच्या दाराने फुशारक्या मारतात.

त्याने ताईला खुर्चीत बसवलं, पाय सरळ ठेवायला लावला आणि तासभर नुसता बघत राहिला.

‘‘हाताने चालणारा क्लच,’’ शेवटी बोलला. ‘‘मोटारसायकलला असतो तसा लिव्हर. पण गिअरच्या दांड्यावरच. डाव्या हाताने दांडा धरा, त्याच बोटांनी लिव्हर दाबा, त्याच हाताने गिअर टाका. उजवा हात स्टिअरिंगवर, उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटरला.’’

‘‘आणि डावा पाय?’’ मी विचारलं.

‘‘त्याने आराम करायचा,’’ ताई म्हणाली. ‘‘साहेबाची तीच इच्छा आहे.’’

मोटारसायकलचा लिव्हर दुसऱ्या दिवशी तुटला. ताईने दाबला आणि कडकन हातात आला. या गाडीचा क्लच म्हणजे रेड्याची मान. मिस्त्रीने तुटलेले तुकडे तळहातावर घेऊन बघितले, मग ताईचा पंजा बघितला. ‘‘ताई, हा हात आहे की पकड?’’

‘‘वासरं ओढून ओढून असा झालाय.’’

मग त्याने स्वतः लोखंडाचा लिव्हर घडवला. भंगारातल्या एका व्हॅनचा बूस्टर काढला. बूस्टर म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारा डबा, जो ब्रेक दाबायला पायाला मदत करतो. तो त्याने क्लचला जोडला. असं करता येतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नळीची लांबी तीनदा चुकली. चौथ्यांदा लिव्हर असा दबला, जशी शहाण्या घोड्याचा लगाम. त्या दिवशी ‘उद्या’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. पुढचे बारा दिवसही नाही. त्याची बायको येऊन बघून गेली, नवरा आजारी तर नाही ना म्हणून.

मी माझं काम केलं. जमिनीचा पत्रा गंजून जाळी झाला होता. तो सगळा कापला, दुप्पट जाडीचा घातला. क्लचचं पेडल काढून टाकलं, म्हणजे सरळ पायाला जागा झाली. सीट जागच्या जागी पक्की होती. तिला रूळ लावले, दीड हात मागे सरकेल असे. ताई दार उघडणार, सीट मागे ढकलणार, बसणार, पाय फिरवून आत घेणार आणि सीट पुढे ओढणार. हँडब्रेक डावीकडून उपटून उजवीकडे आणला. चढावर गाडी उभी असताना स्टिअरिंग धरून बसायची गरज नसते. उजवा हात मोकळाच असतो, तो ब्रेक सोडेल. हे ताईने सुचवलं. मागच्या हौदात पाण्याची टाकी, औषधांचे आठ खण, दोरखंडाला कडी आणि हौदात चढायला इतकी बुटकी पायरी, की कोंबडीही विचार न करता चढेल. रंग मात्र तोच ठेवला, राखाडी झालेला हिरवा. ताई म्हणाली, ‘‘हिने जे भोगलंय ते दिसू दे. मी काही माझा पाय रंगवत नाही.’’

माझं वेल्डिंग सुटत नाही. ही माझी शेखी आहे, आणि ती शेखी मी गावभर मिरवतो. तीच पुढे माझ्या अंगाशी आली.

एका संध्याकाळी ताई गेल्यावर मी मिस्त्रीला म्हणालो, ‘‘शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवू. शिकाऊ गाड्यांना असतो तसा. खालून दांडी टाकायची, तिच्या ब्रेकला जोडायची. वर रबराची चटई. कळणारही नाही.’’

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. ‘‘ताईंना विचारलंस?’’

‘‘उद्या विचारू.’’

‘‘हा शब्द माझा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी तो कामासाठी वापरतो. तू खोटं बोलायला वापरतोयस.’’

तरी त्याने अडवलं नाही. घरी बायकोला सांगितलं, तर तिने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, ‘‘वन्संना तुमचा भरवसा आहे. तुम्हाला त्यांचा नाही का?’’

‘‘तिच्या भल्यासाठीच करतोय.’’

‘‘गाडीही भल्यासाठीच विकली होती,’’ ती म्हणाली आणि मीठ माझ्याकडे सरकवलं.

मी ऐकलं नाही. पेडल वेल्ड केलं, दांडी वेल्ड केली, चटई टाकली.

सराव सुरू झाला. रोज सकाळी ताई चालवायची, मी शेजारी. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उडाली. चौथ्या दिवशी गिअर असे पडायला लागले की डोळे मिटले तर कळू नये. आठव्या दिवशी तिने मला खदानीच्या चढावर नेलं. खाली कडा होता. वळणावर मला वाटलं, आता गेलो. माझा पाय आपोआप चटईवर दाबला गेला. गाडी कचकन थांबली.

ताई म्हणाली, ‘‘ब्रेक आपोआप धरला.’’

मी चटईवरून पाय मागे घेतला.

‘‘का माझाच पाय गेला? न कळत?’’ तिने उजव्या पायाकडे असं बघितलं, जसं फितुराकडे बघावं. ‘‘हाही दगा द्यायला लागला की काय, धाकट्या?’’

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘मिस्त्रीला दाखवू.’’ त्यानंतर चार दिवस ती प्रत्येक वळणाआधी खाली पायाकडे बघायची. जी बाई जनावराच्या पोटात हात घालून न बघता वासराचं तोंड ओळखते, ती स्वतःच्या पायाकडे बघायला लागली. आणि मी शेजारी बसून ते बघत होतो.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. परीक्षेचं मैदान गावाबाहेर, मधोमध मातीचा उंच चढ. परीक्षक एक बाई होती, चष्म्याला दोरी, हातात पॅड, चेहऱ्यावर काहीच नाही. तिने हाताचा क्लच बघितला, दोनदा दाबून बघितला. ‘‘कोणी केला?’’

‘‘आमच्या मिस्त्रींनी,’’ ताई म्हणाली.

‘‘शिकलेत कुठे?’’

‘‘चौथीपर्यंत.’’

परीक्षकबाईने पॅडवर काहीतरी लिहिलं आणि ती शेजारच्या सीटवर बसली. मी कुंपणाशी उभा. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच आलं नव्हतं, की परीक्षक बसतो तो त्याच सीटवर.

पहिला फेरा छान झाला. दुसऱ्या फेऱ्यात गाडी वळणावर आली, परीक्षकबाईने बसल्या जागी पाय जरा लांब केले, आणि गाडी कचकन थांबली. तशीच.

ताई समोर बघत राहिली. इतक्या लांबूनही मला दिसलं, तिची मान खाली गेली. तिला वाटलं, संपलं. पाय पुन्हा फितूर झाला.

मग परीक्षकबाईचा आवाज आला. ‘‘माझ्या पायाखाली काय आहे?’’

तिने चटई उचलली.

मी पळत गेलो. ताईने पेडलकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘‘खदानीवर,’’ ती म्हणाली. ‘‘तो तू होतास.’’

‘‘ताई, मला वाटलं…’’

‘‘तो तू होतास. आणि मी चार दिवस माझ्या पायाला शिव्या घातल्या.’’

परीक्षकबाई खाली उतरली. ‘‘हा शिकाऊ गाडीचा ब्रेक आहे. गाडीत असेल तर मला लिहावं लागेल, सोबत दुसरा चालक असेल तरच. मी बघते ते लिहिते.’’

‘‘तसं लिहिलंत तर मी औषधांच्या खोलीत,’’ ताई म्हणाली. ‘‘काढला तर?’’

‘‘काढला तर नाही लिहिणार. एक ते दीड माझी जेवणाची सुट्टी. दीडला मी परत येते. नंतरची तारीख तीन आठवड्यांनी.’’ आणि डबा घेऊन ती झाडाखाली गेली.

ताईने हौदातून सर्वेअरची पेटी ओढली, चिंधी सोडली आणि हॅकसॉ माझ्या हातात दिली. एकच शब्द. ‘‘काढ.’’

दुसरं कोणाचं वेल्डिंग असतं तर चार हातोड्यांत निघालं असतं. हे माझं होतं. मी सीटखाली डोकं घालून उलटा लटकलो, पाय दाराबाहेर. लोखंडाचा कीस डोळ्यांत जात होता. एक पातं तुटलं. दुसरं लावलं. बोट कापलं. ताई बाहेर पायरीवर बसली होती, सरळ पाय मातीत पसरून.

‘‘विचारायचंस ना,’’ ती म्हणाली.

‘‘तू नाही म्हणाली असतीस.’’

‘‘मग नाही! चाळीस वर्षांत तुला नाही म्हणजे काय ते कळलं नाही?’’

‘‘मला भीती वाटते गं,’’ मी खालूनच बोललो. तोंड दिसत नसलं की खरं बोलणं सोपं जातं. ‘‘तू त्या कड्यावर एकटी. काही झालं तर?’’

करवत चालूच होती. ती म्हणाली, ‘‘मलाही वाटते. म्हशीच्या मागे उभी राहताना आजही वाटते. पण ती माझी भीती आहे. तिच्यावर पाय मी ठेवीन. तू नाही.’’

सव्वाला पेडलसकट दांडी तुटली. ताईच्या ब्रेकला लागून टोक उरलं होतं, धारदार. ताईने खणातून खूर घासायची मोठी कानस काढून दिली. मी ते टोक घासत राहिलो, बोट फिरवलं तर लागू नये इतकं. परीक्षकबाई दीडला आली. वाकली, स्वतःच्या बोटाने बघितलं. माझ्या रक्ताने माखलेल्या हाताकडे बघितलं.

मग तिने ताईला सरळ मातीच्या चढावर घ्यायला सांगितलं. अर्ध्यात थांबवलं. नाक आभाळाकडे, मागे उतार. अडतीस वर्षांचं दोन टनी धूड तिथे एका हँडब्रेकवर लटकलेलं.

‘‘आता निघा,’’ परीक्षकबाई म्हणाली.

मी बघत होतो. ताईच्या डाव्या हाताची बोटं लिव्हरवर मिटली, पहिला गिअर पडला. इंजिनचा आवाज चढला. बोटं उघडायला लागली, एकेक, सावकाश, नवजात वासराची मान सोडावी तशी. उजव्या हाताने हँडब्रेक खाली गेला. गाडी मागे वीतभर आली नाही. बोटभरही नाही. चढाने जणू तिला हात दिला आणि ती वर निघून गेली. आणि ताईने एकदाही खाली बघितलं नाही.

मी आयुष्यात पुष्कळ गाड्या बघितल्या. पैसेवाल्यांच्या, चकचकीत, दाबलं की दार उघडणाऱ्या. त्या सगळ्या एका बाजूला आणि तो चढ एका बाजूला. एका बाईचा पंजा, एका चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचं डोकं आणि एका सर्वेअरने जीव लावलेलं लोखंड. याला जे ‘जुगाड’ म्हणतात त्यांनी एकदा तो चढ चढून दाखवावा.

शिक्का बसला. ‘हाताचा क्लच. एकट्याने चालवण्यास योग्य.’ परीक्षकबाईने कागद देताना पहिल्यांदा चेहरा सैल केला. ‘‘तुमच्या मिस्त्रींचा पत्ता लिहून द्या. माझ्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी रडत येतं.’’

‘‘देते. पण ते उद्या म्हणतील,’’ ताई म्हणाली.

ती सीट मागे सारून बसली, पाय आत घेतला, सीट पुढे ओढली. मी वळसा घालून दुसऱ्या दाराला हात घातला. दार आतून बंद होतं.

‘‘साहेबाला चारच्या आत कागद दाखवायचाय,’’ ती काच खाली करत म्हणाली. ‘‘एकटी आले पाहिजे असं तो म्हणाला होता. तू चालत ये.’’

‘‘सहा किलोमीटर आहे!’’

‘‘दोन पाय वाकतात ना तुझे?’’

मी दारावरचा हात काढला. तिने गिअर टाकला, मग परत काढला.

‘‘ती दांडी टाकून देऊ नकोस. वाकवून हौदात हूक करून दे. सलाईनची बाटली टांगायला लागतो. आणि वेल्डिंग तसंच कर. न सुटणारं.’’

गाडी गेली. मैदानाच्या फाटकातून दुसरा गिअर, रस्त्यावर तिसरा. मी कान देऊन ऐकत होतो. एकही झटका नाही.

मी दांडी काखेत मारून निघालो. बोटाला सर्वेअरची तेलकट चिंधी बांधलेली. फाट्यावरच्या चहावाल्याने मला असं पायी बघून तिथूनच हाक मारली, ‘‘अहो, गाडी कुठेय?’’

‘‘जिची होती ती घेऊन गेली,’’ मी म्हणालो, आणि त्याच्याकडे एक चहा मागितला.